नापास टाकी

दाबमापकाचा काटा पुन्हा दोन रेषा खाली घसरला, तसा हेमांगीनं आकडा वहीत टिपला.

उसाच्या चिपाडांपासून इंधन बनवणाऱ्या संस्थेत ती करारावर नोकरीला होती. तिथल्या प्रयोगांत चिपाडं दाबाखाली तापवायला हवी तशी रिअ‍ॅक्टरची टाकी बाजारात मिळेना, म्हणून शिरोलीच्या मुजावरचाचांच्या कारखान्यात मापं देऊन बनवून घेतली होती. आज चाचणीच्या कागदावर तिची सही झाली की टाकी ट्रकवर चढणार होती.

तिनं संचालकांना फोन लावला. "टाकी दाब धरत नाहीये, सर."

"शुक्रवारी उद्घाटन आहे," ते म्हणाले. "सही करून पाठवून द्या. तुम्हाला कायम करायची फाईल माझ्याच टेबलावर आहे, विसरू नका."

सही केली नाही तर नोकरी जाणार होती. केली, तर त्या तापलेल्या टाकीशेजारी उभी राहणारी माणसं रोज तिच्यासोबत डबा खाणारी होती. तिनं पेन उघडलं.

"थांबा, मॅडम," म्हातारे मुजावरचाचा म्हणाले. "सांधा आतून चिरलाय. मला कालच कळलं होतं, लाजेनं बोललो नाही. नापास लिहा."

"चाचा, पुन्हा कुणी तुम्हाला काम देणार नाही."

"ठाऊक आहे."

तिनं 'नापास' लिहून सही केली. तेवढ्यात संचालकांचा फोन आला, ट्रक निघाला का हे विचारायलाच असणार. तिला तो उचलवेना.

चाचांनी तेलकट हात पँटला पुसले आणि फोन तिच्याकडून घेतला. "साहेब, मुजावर बोलतोय. टाकी माझ्या हातून बिघडलीय. काय बोलायचं ते आधी मला बोला."