पाहुण्याचं ताट

गोऱ्या माणसाला गारवा लागतो आणि तिखट सोसत नाही, हे हबीबाला पक्कं ठाऊक होतं. नारपोलीतल्या त्यांच्या कापड कारखान्यात नवे लूम बसवायला बेल्जियमहून आलेला इंजिनिअर त्यांच्याच घरी उतरला, तेव्हा तिने बैठकीतला एसी सोळावर लावला आणि बटाटे उकडायला घेतले. पाहुण्याला एकट्याला जेवू घालायची घरात रीत नव्हती. त्यामुळे पाच दिवस नवरा हाशिम आणि मुलगी नूरैन शाली पांघरून त्याच्यासोबत तेच मिळमिळीत जेवत होते आणि मग चोरून आत जाऊन कोळंबीच्या कालवणावर तुटून पडत होते.

तरी पाहुणा दिवसेंदिवस सुकत चालला. आज तर ऐन मे महिन्यात स्वेटर घालून जेवायला बसला. हबीबाला काही कळेना.

"नूरैन, विचार गं त्याला, आपलं काय चुकतंय?"

नूरैनने इंग्रजीत विचारलं, त्याचं उत्तर ऐकलं आणि शालीत तोंड लपवलं.

"काय म्हणतो?"

"अम्मी, तो म्हणतो, इथल्या लोकांना गारवा लागतो आणि तिखट सोसत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं."