चार हातांनी

गिलियन तळहातांना पांढरी पट्टी गुंडाळत होती. तळहातांना काही झालं नव्हतं. समोर गवतावर बसलेल्या वेंडीच्या हातांवरचे फोड मात्र फुटले होते आणि तिच्या पट्ट्यांवर पिवळसर डाग पडले होते. दोघींचे हात सारखे दिसायला हवेत, म्हणून गिलियननं आणखी एक वेढा घेतला.

लेचलेडपासून टेडिंग्टनपर्यंत थेम्स नदी वल्हवत जायची, ही कल्पना गिलियनचीच. तिची धाकटी बहीण मॅरियन ज्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहात, वारली, तिथं बागेकडे उघडणाऱ्या खोल्या बांधायच्या होत्या. गावभर लावलेल्या कागदांवर गिलियननंच लिहिलं होतं, 'प्रत्येक मैल आमच्या चार हातांनी.' त्या शब्दावर लोकांनी देणग्या कबूल केल्या होत्या. वेंडी मॅरियनला धड ओळखतही नव्हती. शिवाय तिचा उजवा खांदा एकदा निखळलेला. तरी गिलियननं विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "सँडविचमध्ये काकडी घालणार नसशील तर येते."

दोघींच्या कयाकमध्ये, त्या अरुंद वल्ह्याच्या बोटीत, हलकी बाई पुढे बसते, वजनदार मागे; म्हणून वेंडी पुढे होती, गिलियन मागे. लय पुढची ठरवते. मागची तिच्या पाठीकडे बघत तिच्याबरोबर वल्हं मारते. पुढचीनं मागे वळून बघायचं नसतं. वळलं की अरुंद बोट डुचमळते. त्यामुळे मागची काय करते, ते पुढचीला दिसत नाही.

पहिल्याच दुपारी गिलियनचे दंड भरून आले. घोटभर चहा प्यावा म्हणून तिनं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. बोट पुढे जातच राहिली. त्यानंतर ते सोपं झालं. काठावर माणसं दिसली की ती वल्हं चालवायची, बोटींसाठी नदीचं पाणी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या लॉकचे दरवाजे दिसू लागले की जोर करायची, आणि काठावरच्या विलोच्या झाडांआड गेलं की वल्हं पुन्हा मांडीवर. संध्याकाळी तर ती टोपी डोळ्यांवर ओढून चक्क डोळे मिटायची. एका लॉकच्या राखणदारानं बोट बाहेर काढायला हात देताना विचारलं होतं, "मागच्या बाई खलाशी आहेत की प्रवासी?" वेंडी हसली. गिलियनही हसली, वेंडीपेक्षा जरा जास्त वेळ. मुक्कामाच्या पबमध्ये अनोळखी माणसं दोघींना बिअर पाजत, आणि गिलियन न दुखणारे दंड चोळत त्यांचे आभार मानी.

आता ही संध्याकाळ आणि उद्याची सकाळ एवढंच उरलं होतं. उद्या टेडिंग्टनच्या काठावर मॅरियनची मुलं येणार होती. त्यांच्यासमोर गिलियन बोलणार होती. भाषण तिला पाठ होतं; त्यातही ते चार हात होतेच.

सनबरी गावच्या काठावर गवतात बसून घेतलेला चहा संपला तेव्हा वेंडीनं कप झटकला आणि जागा बदलू या म्हणाली. "उद्या फोटोत तू पुढे हवीस. बहीण तुझी होती. आज जरा सराव कर."

गिलियन पुढे बसली. पाच-पन्नास हात मारले आणि तिचं लक्ष पाण्याकडे गेलं. ऊन मागून येत होतं. नदी पूर्वेकडे जाते, तेव्हा संध्याकाळी ते बहुतेक मागूनच यायचं. तिची मान भाजून निघाली होती. पण गढूळ पाण्यावर सावली किती स्वच्छ पडते, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. बोटीच्या पुढे, जरा डावीकडे, तिरक्या उन्हानं दोघींना लांबच लांब उमटवलं होतं. एक टोपीवाली, ती स्वतः. तिच्या मागची वेंडी. एक वल्हं उठे, पडे. दुसरं त्याच्या मागोमाग उठे, पडे. मागच्या बाईची बोटं काय ती दिसत नव्हती, बाकी सगळं दिसत होतं. त्यासाठी मान वळवायची गरज नव्हती. फक्त डोळे उघडे हवे होते.

गिलियनला कालची संध्याकाळ आठवली, वेंडी इथं पुढे बसलेली. मग परवाची. मग त्याआधीच्या सगळ्या.

तिचे हात आपोआप थांबले. पाण्यावर एक वल्हं आडवं, निश्चल झालं. दुसरं त्याच लयीत चालत राहिलं, आणि बोट पुढे जातच राहिली.

"दमलीस?" मागून वेंडीचा आवाज आला. त्यात टोमणा नव्हता. "बस निवांत. मला सवय आहे."