सकाळची कडी

कांदा मापाच्या कडीतून सटकून खाली क्रेटमध्ये पडला.

"गोल्टी," माल तपासणारी शुभांगी म्हणाली. "पंचेचाळीस मिलिमीटरपेक्षा लहान. सरकारी खरेदीत नाही चालणार, काका."

मोतीराम या हंगामात तिसऱ्यांदा आला होता. चांदवडच्या खरेदी केंद्रावर त्याचा ट्रॅक्टर सकाळी सहापासून रांगेत होता. त्याने वाद घातला नाही. खिशातून एक पितळी बांगडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"नातीची हाय, आरोहीची. घरी तिच्या आजीनं, नवसाबाईनं, एकेक कांदा हिच्यात घालून पाह्यला. पडला तो घरी ठेवला. अडकला तोच आणलाय."

"मोतीरामदादा, उद्या पैंजण आणा," रांगेतून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. शुभांगीही हसली.

"बांगडीवर खरेदी होत नाही, काका."

"एक-बाराची हाय. कासाराचं माप चुकत नाय."

शुभांगीचं हसू थांबलं. ती भौतिकशास्त्राची एम.एस्सी. आकडा ऐकला की तो मनात सोडवल्याशिवाय तिला राहवत नसे. एक-बारा म्हणजे एक इंच आणि बारा सोळांश. साडेचव्वेचाळीस मिलिमीटरला किंचित कमी. हे आतलं माप. बांगडीची जाडी धरली तर बाहेरून अठ्ठेचाळीस. आणि हातातल्या कडीवर ४५ कोरलेलं होतं. पंचेचाळीसच्या कडीतून अठ्ठेचाळीसची बांगडी जाणं शक्य नव्हतं.

तिने बांगडी कडीवर आडवी धरली आणि सोडली. ती कुठेही न अडता आरपार गेली आणि टेबलावर खणकन वाजली.

रांगेतली माणसं टेबलाजवळ सरकली.

ड्रॉवरमध्ये दुसरी कडी होती. तिच्यावरही ४५ होतं. ती दुपारच्या मालाला वापरायची, असं केंद्राचा कारकून कुंदन याने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिने कारण विचारलं नव्हतं. प्रयोगशाळेत प्रत्येक उपकरण आधी तपासायचं आणि मग वापरायचं, हे ती पूर्वी कॉलेजात मुलांना शिकवायची. इथे मात्र दोन हंगाम ती कोरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून बसली होती.

तिने बॅगेतून मिलिमीटर मोजायचा व्हर्निअर काढला. सकाळची कडी भरली पन्नास. दुपारची पंचेचाळीस.

सकाळी शेतकरी यायचे. दुपारी टेम्पो यायचे. टेम्पो चेअरमनसाहेबांच्या भाच्याचे. सकाळी नापास झालेला कांदा ते फाटकाबाहेर निम्म्या भावात उचलायचे. दुपारी तोच कांदा पास होऊन सरकारी भावाने आत यायचा. सकाळच्या नापास शेऱ्यावर आणि दुपारच्या पास शेऱ्यावर सही एकाच हाताची होती. तिच्या.

चेअरमनसाहेब केबिनमध्ये होते. कांद्याचे निर्यातदार, हे केंद्र चालवणाऱ्या शेतकरी कंपनीचे अध्यक्ष, येत्या निवडणुकीचे उमेदवार. तिने दोन्ही कड्या त्यांच्यासमोर ठेवल्या. ते चिडले नाहीत. त्यांनी चहा सांगितला.

"बसा मॅडम. दिल्लीच्या सरकारला शहरांत स्वस्त कांदा दाखवायचा असतो. आम्हाला इथे शेतकऱ्याला चढा भाव दाखवायचा असतो. दोन्ही दाखवायचं तर मधे थोडी जागा लागते. ती ही, पाच मिलिमीटर. देशाचं अर्थकारण असंच चालतं."

"मग कडीवर पन्नास कोरा," शुभांगी म्हणाली.

"कोरलं तर मतं कोण देईल?" ते मनापासून हसले. "तुम्ही हुशार आहात. एक तारखेपासून नाशिकच्या ऑफिसात या. रोजची चांदवडची एसटी तरी सुटेल."

चहा यायच्या आत ती दोन्ही कड्या उचलून बाहेर आली. सकाळची कडी तिने बॅगेत टाकली. दुपारची घेतली आणि मोतीरामच्या क्रेटमधला मघाचा कांदा त्यात ठेवला. अडकला. दुसरा ठेवला. अडकला. तिने नोंदवहीत शेऱ्याच्या जागी लिहिलं : पास. खाली लिहिलं : सकाळची कडी ५०, दुपारची कडी ४५, मोजणारी मी. वेळ घातली. रोज नुसती आद्याक्षरं असत, तिथे आज पूर्ण नाव लिहिलं. तिच्या खांद्यावरून वाचत असलेला कुंदन केबिनकडे पळाला.

"काका, माफ करा," ती म्हणाली. "मला आज कळलं."

मोतीराम बांगडी पुसत होता. पुसता पुसता थांबला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं.

"बांगडी मापासाठी नव्हती आणली, ताई," तो म्हणाला. "तुम्हाला लाज वाटावी म्हणून आणली व्हती. दोन वर्षं आख्खा गाव समजतोय, ही मोठी कडी तुम्हीच करून घेतली."