कॅसेटवरचा आकडा

पांडूनं टेंपो अंगणात उलटा लावला होता, मागचं फळकं थेट उंबरठ्याकडे. ही घाई चंदरला बघवेना.

"आधी खेळ तर होऊ दे," तो म्हणाला.

"होऊ दे की. मी कुटं पळतोय." पांडू खाटेवर पाय वर घेऊन बसला. कर्जतला स्टेशनाजवळ त्यानं गाळा घेतला होता. तिथं टीव्हीवरचे खेळ मांडायचे, मग पोरं रांगा लावतील, असा त्याचा बेत. अडलं होतं फक्त खेळाच्या यंत्रावाचून, आणि ते दहिवलीच्या या एका खोलीच्या घरात होतं.

यंत्र चंदरच्या मोठ्या भावाचं, सखाचं. मागच्या सुट्टीला दुबईहून येताना त्यानं रंगीत टीव्ही, व्हिडिओ आणि हा खेळ आणला. जाताना आपला एक डाव व्हिडिओच्या कॅसेटवर उतरवून ठेवला आणि धाकट्याला सांगितलं, "मी परत आलो की माज्यासमोर हा आकडा मोड. मोडलास तर यंत्र तुजं. नायतर पांडू मागतोय, त्याला देऊन टाकीन." सखा बोलायचा हसत हसत, पण बोललेलं मागे घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. काल रात्री तो आला आणि आज सकाळी पांडूला निरोप गेला.

चंदर साजगावच्या कारखान्यात पाळीवर जायचा, जीव मात्र या खेळांत. बोटीवर नोकरीला असलेल्या शेलूच्या एका माणसाकडून, मुंबईच्या जुन्या बाजारातून, कुणाच्या तरी अडगळीतून त्यानं खेळांच्या प्लास्टिकच्या डब्या मिळवल्या होत्या. एकेक डबी यंत्रात खोचायची की नवा खेळ. पत्र्याची पेटी भरली होती. यंत्र गेलं तर त्या पेटीला कोण विचारतो? सगळा मिळून प्लास्टिकचा कचरा. हा विचार आला की त्याला जेवण जात नसे.

"लाव कॅसेट," सखा म्हणाला. "पांडूलाबी बघू दे."

चंदरनं जपून कॅसेट सरकवली. व्हिडिओच्या लाल बटणाला त्यानं वर्षभर बोट लावलं नव्हतं. ते दाबलं की दादाच्या डावावर दुसरंच काही उतरेल, ही धास्ती. यंत्रांवरची धूळ आई रोज फडक्यानं पुसायची, तिलाही त्यानं दहादा बजावलं होतं. दादा गेला तशी कॅसेट व्हिडिओतच पडून होती; ती लावून बघायचीसुद्धा त्याची बरेच दिवस हिंमत झाली नव्हती. गणपतीनंतर एकदा लावली आणि आकडा बघून त्याची झोप उडाली.

पडद्यावर वरून दगड कोसळत होते. खाली एक छोटं यान, त्याच्या डोक्यावर विटांच्या भिंतींचे तुकडे. यान दगड फोडत होतं, चुकवत होतं. मध्येच ते डाव्या कोपऱ्यात जायचं, भिंतीच्या तुकड्याखाली गप्प उभं राहायचं. जरा वेळानं बाहेर यायचं आणि पुन्हा सुरू. थोड्या थोड्या वेळानं हेच.

"दादा, मधीच थांबतोस ते कशापायी?"

सखा पडद्याकडे टक लावून बघत होता. "आं? सिगरेट पेटवत असंन."

आकडा नऊ हजार चारशेवर थांबला. सखानं मान खाजवली. "एवढा झालता व्हय?" असं पुटपुटला, मग पांडू आपल्याकडे बघतोय हे लक्षात येऊन जरा ताठ बसला. "झाला असंल."

"जेवून खेळा रं," चुलीपाशी तांदळाचं पीठ मळत गंगाबाई म्हणाली.

"आये, तू गप बस जरा," चंदर म्हणाला.

त्यानं यान फिरवायचा दांडा हातात घेऊन सदऱ्याला पुसला. पिठानं पांढरा झाला होता. चूल आणि टीव्ही एकाच खोलीत म्हटल्यावर दुसरं काय होणार?

डाव सुरू झाला. पाच हजारांपर्यंत हात नीट चालला. सहा हजारांनंतर दगड अंगावर यायला लागले. दादासारखं डाव्या कोपऱ्यात जाऊन उभं राहावं असं त्याला वाटलं, पण थांबायलाही धीर लागतो, आणि तो त्याच्यापाशी नव्हता. सात हजार. आठ. पांडूनं पाय खाली घेतले. नऊ हजार ओलांडले तेव्हा सखाही उठून उभा राहिला.

आणि एक साधा, हळू येणारा दगड यानावर पडला.

चंदरला रडू येत होतं, पण मिशा फुटलेल्या माणसानं खेळापायी रडायचं कसं? पांडू वाकून वायर गुंडाळायला लागला.

"पांडू, ऱ्हाऊ दे ती वायर," गंगाबाई म्हणाली. "एक डाव मला."

पांडूला हसू आवरेना. "काकी, ही काय पळी हाय व्हय?"

"खेळू दे रं तिला," सखा म्हणाला. "आये, तू आकडा मोडलास तर यंत्र तुजं."

"बोललास?"

"बोललो."

"मग ते हितंच ऱ्हाईल. चंदरच्या पेटीशेजारी." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पिठाच्या हातानंच टीव्हीपुढे येऊन बसली.

दगड पडायला लागले. पांडू हसत होता, मग हसायचा थांबला. सखा खाटेच्या कडेवर खाली बसला. चंदर पुढे सरकला, आणखी पुढे सरकला.

तव्यावरून वास यायला लागला. यान डाव्या कोपऱ्यात, भिंतीच्या तुकड्याखाली जाऊन गप्प उभं राहिलं, आणि गंगाबाई उठून भाकरी उलटायला गेली.