मालकांचं माप

मालक स्वतः जाऊन कात्रीला धार लावून घेऊन आले, तिथंच मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली.

बारा वर्षं मास्तर या दुकानात कोट कापत होते. कात्री धारेला न्यायचं काम त्यांचंच. मग आज, नेमका खिशात राजीनामा असताना, मालकांना कात्रीचा एवढा पुळका का यावा?

"बघा, कशी चालते," मालक म्हणाले. "आणि वहिनींची पाठ काय म्हणते?"

"बरी आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांचा हात आपोआप खिशावर गेला.

बायकोची पाठ बरी होऊन दोन महिने झाले होते. ती दुखत होती तेव्हा मालकांनी न मागता आठ दिवस सुट्टी दिली होती, वर घरी डबाही पाठवला होता. सगळं घोडं इथंच अडत होतं. मालक खडूस असते, तर मास्तरांनी कागद टेबलावर आपटला असता आणि चालू पडले असते. पण असल्या माणसाला 'मी चाललो' म्हणायचं कोणत्या तोंडानं? एका नाट्यगृहाच्या कपडेपटात त्यांना जागा मिळाली होती, पहिल्या तारखेपासून. जन्मभर वकिलांचे आणि कारकुनांचे कोट कापून झाले, आता एकदा तरी एखाद्या राजाचा झगा कापायचा होता. एवढीच हौस, पण ती मालकांना सांगणं रोज उद्यावर जात होतं.

मालकांना कुणी सांगितलं असेल? मास्तरांनी काजं करणाऱ्या मावशींकडे डोळे बारीक करून पाहिलं. मावशी सुईत दोरा ओवत होत्या, आज जरा जास्तच मन लावून.

"मावशी, मालकांना काही बोललात का?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही."

"मग बोलेन कशाला?"

हे उत्तरही मास्तरांना सरळ वाटलं नाही.

अकराच्या सुमाराला एक टकले गृहस्थ आत आले. गिऱ्हाईक नव्हते. गिऱ्हाईक गळ्यात टेप घालून येत नाही. मालकांनी त्यांना थेट मागच्या कपाटाशी नेलं. तिथं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कोटाचे कागदी पॅटर्न दोऱ्यानं बांधून टांगलेले होते. गृहस्थ खुर्चीत बसले आणि एकेक पॅटर्न काढून वाचू लागले.

मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. या माणसाला दुखवायचं कसं, म्हणून आठवडाभर आपल्याला अन्न गोड लागत नाही, आणि यांनी जागेवर माणूस आणून बसवलासुद्धा! राजीनामा अजून आपल्या खिशात, आणि डच्चू आधीच तयार! वा रे वा चांगुलपणा!

ते तरातरा मालकांच्या टेबलापाशी गेले.

"मालक, मला काढताय का?"

मालकांनी चष्मा वर केला. "तुम्हीच जाताय ना?"

मास्तर गर्रकन मावशींकडे वळले. "कोण म्हणालं? मावशी?"

"अहो, मला कशाला मध्ये ओढता?" मावशी तिकडून ओरडल्या. "मला आत्ता कळतंय!"

मालक उठले आणि गृहस्थांच्या पुढ्यातले तीन पॅटर्न घेऊन आले. प्रत्येकावर पेन्सिलीनं, मास्तरांच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. 'डावा खांदा अर्धा इंच उतरता. सांगू नये, राग येतो.' दुसऱ्यावर, 'माप देताना पोट आत घेतात. कंबर इंचभर जास्त धरावी.' तिसऱ्यावर, 'रंग बायकोला विचारावा.'

"बारा वर्षांत तुम्ही एक अक्षर लिहिलं नव्हतं," मालक म्हणाले. "मी शंभरदा सांगितलं, लिहून ठेवा. तुमचं एकच, सगळं डोक्यात आहे, आणि मी आहे ना! मागच्या सोमवारपासून लिहायला लागलात. राहणारा माणूस कशाला लिहील?"

सोमवारीच मास्तरांनी नाट्यगृहाला होकार कळवला होता. आपल्यामागे दुकानाची अडचण नको, म्हणून ते रोज वीस-पंचवीस कागद लिहून ठेवत होते. कुणाच्या लक्षात येणार नाही, असं धरून चालले होते. आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी राजीनामा काढून टेबलावर ठेवला. मालकांनी तो न उघडताच ड्रॉवरमध्ये टाकला.

"आठवडाभर वाट बघितली, आज बोलतील, उद्या बोलतील," मालक म्हणाले. "कात्री तुम्हीच घेऊन जा. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती बसायची नाही."

मास्तरांनी कात्री उचलून फडक्यात गुंडाळली.

"मालक, तुमचा पॅटर्न मिळत नाही," टकले गृहस्थ कपाटाशी उभे राहून म्हणाले.

"त्यांचा नाहीच आहे," मास्तर म्हणाले. "त्यांचे कोट मी नजरेनंच कापतो."

मालकांनी अंगातला कोट काढून खुर्चीवर टाकला आणि आरशासमोर जाऊन ते हात जरा बाजूला धरून उभे राहिले. मास्तरांनी टेप घेतला. ते आकडे सांगत गेले, गृहस्थ लिहीत गेले. पाठ, बाही, कंबर. छातीचं माप मास्तरांच्या अंदाजापेक्षा इंचभर कमी भरलं. त्यांनी पुन्हा टेप लावला. तेवढंच.

"आणखी काही?" गृहस्थांनी विचारलं.

मास्तरांनी टेप गुंडाळला.

"लिहा," ते म्हणाले. "कुठं टोचत असलं तरी हे सांगत नाहीत. आपण विचारावं लागतं."

"मला काही टोचत नाही," मालक आरशात बघत म्हणाले.