सहावं उत्तर

शर्टांच्या कारखान्यात युनियन काढायची म्हणून दिल्सियाने पाच मैत्रिणींना ऑनलाइन फॉर्मची लिंक पाठवली. "लॉगिन करू नका, नाव टाकू नका, फक्त बैठकीचा वार निवडा," तिने बजावलं. मागच्या खेपेला नावं फुटली. त्या बायकांना चोलोमा शहरात कुठेच काम मिळालं नाही. तिने स्वतः फॉर्म भरला नव्हता, तरी संध्याकाळी मोबाइलवर पाचाऐवजी सहा निनावी उत्तरं होती. "कुणी दोनदा दाबलंय का गं?" तिने विचारलं. सगळ्या नाही म्हणाल्या. तरी रविवारी त्या चर्चच्या स्वयंपाकघरात जमल्या. दार वाजलं. समोर सुपरवायझर ओनेयदा उभी होती. "ग्लेंडाच्या मोबाइलवर लिंक दिसली, त्यात जागाही होती. मलाही युनियन हवीय गं. सहावं उत्तर माझंच, पण सांगायचा धीर झाला नाही." "खोटं बोलताय, मॅडम!" त्या पाचांतली ग्लेंडा ओरडली. ओनेयदा मागे बघत म्हणाली, "आधी दार लावा. नाक्यापासून कारखान्याची एक गाडी मागे लागलीय." दिल्सियाने तिला आत ओढून कडी लावली. बाहेर गाडी थांबली.