दुसरा माइक

"ताई, कादंबरीतलं मारहाणीचं प्रकरण दोन्ही माइकवर वाचून पाठवा. चांगला असेल तो ठेवू," ऑडिओबुकचा संपादक म्हणाला होता. आवाज घुमू नये म्हणून ती कपड्यांच्या कपाटात बसून वाचायची.

पहिल्या माइकवरचं वाचन बिनबोभाट पार पडलं. दुसऱ्यावर वाचत ती शेवटच्या किंकाळीपर्यंत आली आणि नवऱ्याने कपाटाचं दार खस्सकन ओढलं. "कधीपासून हाका मारतोय, बहिरी झालीस का गं?" केसाला धरून त्याने तिला बाहेर काढलं आणि स्वतःला धाप लागेपर्यंत लाथाबुक्क्यांनी तुडवलं. माइक चालूच होता.

फुटलेला ओठ पुसत तिने दोन्ही रेकॉर्डिंग जशीच्या तशी पाठवली. कुणीतरी ऐकेल म्हणून.

उत्तर लगेच आलं.



"ताई, दुसराच माइक ठेवू! किंकाळी काय खरी वाटते हो, अंगावर काटा आला. फक्त मागचा तो पुरुषाचा आवाज तेवढा काढून टाका."